विश्लेषण : तुमच्या मोबाइलमध्ये ‘सरकारी’ विद्यापीठ कसे पोहोचले? बर्कलीच्या यशामागचे गणित काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सलग दोन दिवस नोबेलच्या यादीत एकाच विद्यापीठाचे नाव झळकले. ७ ऑक्टोबरला भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झाले. त्यांचे मूळ प्रयोग १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत झाले होते. क्लार्क तेव्हा प्राध्यापक, देवोरे पोस्टडॉक संशोधक आणि मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी होते. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये बर्कलीचेच प्राध्यापक ओमार याघी होते. या विद्यापीठाच्या अध्यापकांना आजवर २५ हून अधिक नोबेल मिळाली असून नोबेल विजेत्यांसाठी परिसरात पार्किंगच्या राखीव जागाही आहेत. मात्र, बर्कलीचा सर्वांत मोठा ठसा या पदकांत नाही. तो आपल्या हातातील मोबाइलमध्ये आहे आणि त्यातील बराचसा भाग या विद्यापीठाने मोफत वाटून टाकलेला आहे. तो का वाटला, त्याला पैसा कोणी पुरवला आणि आता ती घडी का विस्कटते आहे, हे पाहू.

बर्कली ‘सार्वजनिक’ विद्यापीठ आहे म्हणजे काय?

स्टॅनफर्ड, हार्वर्ड किंवा एमआयटी ही खासगी विद्यापीठे आहेत. बर्कली मात्र कॅलिफोर्निया राज्याचे आहे. १८६२ मध्ये अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केलेल्या मॉरिल कायद्यानुसार राज्यांना संघीय जमीन देण्यात आली. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारावीत, असा उद्देश होता. त्यातून २३ मार्च १८६८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या वर्षी ४० विद्यार्थी आणि १० अध्यापकांवर वर्ग सुरू झाले. १८७० पासून मुलींनाही प्रवेश खुला झाला. आज या विद्यापीठाच्या १० शाखा असून बर्कली ही त्यातील पहिली शाखा आहे. तेथे सुमारे ४५ हजार विद्यार्थी शिकतात.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे बर्कलीपेक्षा ११ वर्षांनी मोठे. फरक रचनेत होता. मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. महाविद्यालयांना संलग्नता देणे आणि परीक्षा घेणे हे त्याचे मुख्य काम होते. बर्कलीत अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली आले. शिवाय १८७९ च्या राज्यघटनेने विद्यापीठाला कारभारात स्वायत्तता दिली. पैसा सरकारचा, पण अभ्यासक्रम आणि नेमणुका विद्यापीठाच्या, अशी ही व्यवस्था होती.

पहिली मोठी झेप कशामुळे?

अर्नेस्ट लॉरेन्स या तरुण प्राध्यापकाने १९३१ च्या सुमारास सायक्लोट्रॉन हे यंत्र चालवून दाखवले. विद्युतभारित कणांना चुंबकाच्या साहाय्याने गोल गोल फिरवत त्यांचा वेग वाढवायचा, ही त्यामागची कल्पना. पहिले यंत्र तळहातावर मावेल एवढे होते. पुढची यंत्रे मात्र मोठी होत गेली आणि ती चालवायला भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, अभियंते आणि तंत्रज्ञ असे सगळे एकत्र लागले. एका प्राध्यापकाच्या खोलीतील संशोधन सामूहिक संशोधनात बदलले ते येथे. लॉरेन्स यांना १९३९ मध्ये नोबेल मिळाले. याच यंत्रांच्या आधाराने नवी मूलद्रव्ये सापडत गेली. बर्कलीच्या नावावर अशी १६ मूलद्रव्ये आहेत. आवर्त सारणीतील ९७ क्रमांकाचे बर्केलियम आणि ९८ क्रमांकाचे कॅलिफोर्नियम ही त्यातलीच.

दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब प्रकल्पामुळे या संशोधनाला संघीय सरकारचा प्रचंड पैसा मिळाला. युद्धानंतरही तो ओघ थांबला नाही. राज्याने इमारती आणि पगार द्यायचे, तर वॉशिंग्टनने संशोधनाचा खर्च उचलायचा, हे समीकरण पुढची अनेक दशके टिकले.

मोबाइलशी याचा संबंध काय?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रोसेसरची रचना. १९८० च्या आसपास प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी वाढत चालली होती. डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उलटा विचार केला. आज्ञा कमी आणि सोप्या ठेवल्या, तर चिप लहान होईल आणि वेगाने चालेल. या विचाराला त्यांनी ‘रिस्क’ हे नाव दिले. १९८२ मध्ये विद्यार्थ्यांच्या हातून तयार झालेल्या पहिल्या चिपमध्ये सुमारे ४४ हजार ट्रान्झिस्टर होते. स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांचे काम त्याच दिशेने सुरू होते. दोघांना २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बर्कलीचे शोधनिबंध वाचून इंग्लंडमधील एकॉर्न या छोट्या कंपनीने आपला प्रोसेसर बनवला, तो म्हणजे ‘आर्म’. त्या नावातील ‘आर’ हा रिस्कचा आहे. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोन आर्म रचनेच्या प्रोसेसरवर चालतो.

दुसरी गोष्ट ट्रान्झिस्टरची. तो जसजसा लहान होत गेला, तसतशी बंद असतानाही त्यातून वीज गळू लागली. चेनमिंग हू आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा सपाट मार्ग माशाच्या परासारखा उभा केला. त्यामुळे नियंत्रण करणारे गेट तीन बाजूंनी पकड घेऊ लागले आणि गळती आटोक्यात आली. हाच फिनफेट. या संशोधनाचा खर्च डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने उचलला होता. २०११ मध्ये इंटेलने ही रचना उत्पादनात आणत असल्याचे जाहीर केले आणि पुढे मोबाइलच्या चिपमध्ये ती रुळली.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. ‘बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ अर्थात बीएसडी ही येथे वाढलेली ऑपरेटिंग सिस्टीम. आयफोनच्या प्रणालीत बीएसडीचा थर आहे. अँड्रॉइडच्या पायाभूत सी लायब्ररीतही बीएसडीचा कोड आहे. सुरुवातीच्या वर्षांत व्हॉट्सॲपचे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालत. प्रोग्रामना इंटरनेटशी जोडणारा ‘सॉकेट’ हा दुवाही १९८३ च्या बीएसडी आवृत्तीतून जगभर गेला.

विद्यापीठाने हे सगळे मोफत का दिले?

ही सवय बीएसडीच्या आधीची. इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘स्पाइस’ माहीत असते. सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी ते संगणकावर चालवून पाहण्याचे हे सॉफ्टवेअर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत डोनाल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी ते लिहिले. पीडरसन यांचे धोरण साधे होते. मागेल त्याला चुंबकीय फितीच्या खर्चात कोड द्यायचा आणि त्यात केलेल्या सुधारणा परत मागायच्या. कंपन्यांनी तो वापरला, चुका कळवल्या, विद्यार्थ्यांनी त्या दुरुस्त केल्या. काही वर्षांतच स्पाइस उद्योगाची सामायिक भाषा बनले.

बीएसडीचे तसेच. युनिक्स ही मूळ प्रणाली एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये जन्मली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स मूळ कोडसह विद्यापीठांना किरकोळ दरात मिळाली. बर्कलीचा विद्यार्थी बिल जॉय याने त्यात भर घालून १९७८ मध्ये सुमारे ३० प्रती इतरांना पाठवल्या. पुढे डार्पाचा पैसा आला आणि इंटरनेटचे नियम युनिक्समध्ये बसवण्याचे मोठे काम येथे झाले.

मग वाद कशावरून झाला?

१९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले. संगणकाच्या धंद्याची बंदी उठली आणि युनिक्सचे परवाने महागले. बीएसडी वापरणाऱ्यांनाही तो परवाना घ्यावा लागे, कारण आतला काही कोड कंपनीचा होता. बर्कलीने १९८९ मध्ये स्वतः लिहिलेला नेटवर्किंगचा भाग वेगळा काढला. फितीची किंमत एक हजार डॉलर होती, पण एकदा घेतल्यावर ती कोणीही कोणालाही फुकट देऊ शकत होते. अट एकच, श्रेय द्या. तरीही शेकडो संस्थांनी पैसे मोजून फीत घेतली. त्यानंतर जगभरातील स्वयंसेवकांनी कंपनीच्या कोडचे एकेक तुकडे नव्याने लिहून दिले. त्यांना मोबदला काय मिळाला? यादीत नाव.

१९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने खटला भरला आणि त्यात विद्यापीठालाही ओढले. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८ हजार फायलींपैकी काढाव्या लागल्या त्या फक्त तीन. निधी आटल्याने बर्कलीतील हा गट १९९५ मध्ये बंद झाला. कोड मात्र उरला, कारण तो आधीच सर्वांच्या हातात होता.

याच काळातील करमरकरांची गोष्ट काय सांगते?

ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले नरेंद्र करमरकर आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये पदवीधर झाले. १९८३ मध्ये त्यांनी बर्कलीत रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली. संगणकाला कोणते प्रश्न मुळातच अवघड जातात, याची १९७२ मध्ये पायाभूत मांडणी करणाऱ्यांपैकी कार्प एक. करमरकर पुढे बेल लॅब्जमध्ये गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी आपली प्रसिद्ध पद्धत मांडली. मर्यादित साधने जास्तीत जास्त फायद्यात कशी वाटावीत, कोणता ट्रक कुठे, कोणते विमान कधी, अशा प्रश्नांना गणितात ‘लीनियर प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. करमरकरांची पद्धत त्यावरचा मोठा टप्पा ठरली.

पण बेल लॅब्ज ही कंपनीची प्रयोगशाळा. एटी अँड टीने पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९८८ मध्ये ते मंजूर झाले. पद्धतीवर आधारलेली यंत्रणा बाजारात आली, ती सुमारे ८९ लाख डॉलरना. बारकावे कंपनीने राखून ठेवल्याची तक्रार गणितज्ञांनी केली. शेवटी जगाने त्याच कल्पनेच्या भावंड पद्धती खुल्या शोधनिबंधांतून विकसित केल्या आणि आजची अनेक सॉफ्टवेअर त्या वापरतात. गुणवत्ता तीच, घडलेली त्याच विद्यापीठात. फरक पडला तो पगार कोण देतो आणि निकालाची मालकी कोणाकडे जाते यामुळे.

‘रिस्क-फाइव्ह’ भारतासाठी का महत्त्वाचे?

आर्मचा प्रोसेसर वापरायचा तर परवाना शुल्क द्यावे लागते आणि रचना मनाप्रमाणे बदलून इतरांना देता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात बर्कलीतील क्रस्ते असानोविच आणि त्यांचे विद्यार्थी याच अडचणीत होते. त्यांनी आज्ञांचा नवा संच स्वतःच बनवायला घेतला. काम तीन महिन्यांचे वाटले होते, प्रत्यक्षात काही वर्षे गेली. बर्कलीच्या रिस्क परंपरेतील ही पाचवी पिढी, म्हणून रिस्क-फाइव्ह. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि राज्याच्या योजनेतून या प्रयोगशाळेला निधी मिळाला होता. आज्ञांचा हा संच कोणीही शुल्काशिवाय वापरू शकतो.

भारताने तो उचलला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर आधारित आहे आणि त्याचा आराखडा बीएसडी परवान्याखालीच खुला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ प्रोसेसरची मालिका याच संचावर उभारली. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ‘डीआयआर-फाइव्ह’ हा स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. बर्कलीत आखलेली रचना भारतीय संस्थांना कोणाची परवानगी न घेता वापरता आली, ती या खुलेपणामुळे.

बर्कली नेहमीच खुले राहिले का?

नाही. १९८० च्या बेह-डोल कायद्याने संघीय निधीतून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना ठेवण्याची मुभा दिली. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पेंतिए यांनी जून २०१२ मध्ये ‘क्रिस्पर’ या जनुक-कात्रीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधी मे महिन्यातच पेटंटचा अर्ज दाखल झाला होता. दोघींना २०२० चे नोबेल मिळाले. पण मानवी पेशींमधील वापराच्या पेटंटवर ब्रॉड इन्स्टिट्यूटनेही दावा केला. २०२२ मध्ये अमेरिकी पेटंट मंडळाने ब्रॉडच्या बाजूने निकाल दिला, तर मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

याची झळ वकिलांपुरती नाही. क्रिस्परवर आधारित सिकल सेलच्या पहिल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत ठरली एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. या किमतीत उपचाराच्या गुंतागुंतीच्या प्रक्रियेचा वाटा मोठा आहे, सगळा दोष पेटंटवर टाकता येणार नाही. पण नंदुरबार किंवा गडचिरोलीतील सिकल सेलच्या रुग्णांसाठी हा आकडा म्हणजे उपचार नसल्यासारखाच. औषध खुल्या कोडसारखे फितीवर उतरवून वाटता येत नाही, त्याला चाचण्या आणि गुंतवणूक लागते, हा विद्यापीठांचा युक्तिवादही खोटा नाही. प्रश्न सुटलेला नाही, एवढेच.

सरकारी पैशाबरोबर सरकारी दबाव येतो का?

येतो, आणि बर्कलीने तो अनुभवला आहे. शीतयुद्धाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी निष्ठेची शपथ मागितली. स्वाक्षरीला नकार देणाऱ्या ३१ अध्यापकांना १९५० मध्ये काढून टाकण्यात आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये अध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. १९६४ मध्ये परिसरात राजकीय प्रचाराला बंदी घातली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘फ्री स्पीच’ चळवळ उभारली. सुमारे ८०० जणांना अटक झाली आणि अखेर नियम बदलावे लागले.

२०२५ मध्ये दबावाचे रूप वेगळे आहे. ट्रम्प प्रशासनाने देशभरातील विद्यापीठांचे संशोधन अनुदान मोठ्या प्रमाणावर रद्द केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यायालयात धाव घेतली. जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील संघीय न्यायाधीशांनी त्यांची रोखलेली काही अनुदाने पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. अनुदान परत मिळवता येते. पण मध्येच सोडून गेलेला संशोधक आणि थांबलेला प्रयोग परत मिळेलच असे नाही.

पैशाची घडी कशी बदलली?

कधीकाळी राज्यातील विद्यार्थ्यांना येथे शिकवणी शुल्क नव्हते. १९६० च्या उच्चशिक्षण बृहत् आराखड्यानेही हेच तत्त्व कायम ठेवले होते. एकेकाळी विद्यापीठाच्या खर्चाचा निम्म्याच्या आसपास वाटा राज्य उचलत असे. आता तो पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ती तूट शुल्क, देणग्या आणि संशोधन अनुदानातून भरली जाते. राज्याबाहेरच्या पदवी विद्यार्थ्यांकडून, ज्यात भारतातून जाणारेही आले, मूळ शुल्काखेरीज वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक जादा घेतले जातात. म्हणजे नाव सार्वजनिक, पण खर्च अधिकाधिक विद्यार्थ्यांच्या खिशातून.

याचा संशोधनाशी थेट संबंध आहे. पैशाची चणचण असलेले विद्यापीठ प्रत्येक शोधातून उत्पन्न मिळवण्याच्या मागे लागते. स्पाइस किंवा बीएसडी वाटून टाकणे परवडले, कारण प्राध्यापकाचा पगार आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती दुसरीकडून येत होती. त्या विद्यार्थ्याने बनवलेल्या वस्तूने स्वतःचा खर्च भरून काढावा, अशी अट त्यावर नव्हती.

भारताने यातून काय घ्यावे?

संशोधन आणि विकासावर भारत जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. अमेरिकेचे प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे आहेत. त्यात केंद्राचा वाटा १४ हजार कोटी असून उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, देणग्या आणि इतर स्रोतांतून येणे अपेक्षित आहे. विद्यापीठांना संशोधनाचा पैसा मिळणे चांगलेच. पण बहुतांश पैसा खासगी असेल, तर त्यातून निघणारे निकाल कोणाचे, हे करार करतानाच ठरवावे लागेल. करमरकरांची पद्धत आणि बिल जॉयच्या फिती यांच्यातला फरक तिथेच पडला होता.

दुसरा मुद्दा वेळेचा. क्लार्क यांच्या प्रयोगाला नोबेल मिळायला चाळीस वर्षे लागली. फिनफेट प्रयोगशाळेतून कारखान्यात जायला दशकाहून अधिक काळ गेला. रिस्कच्या पहिल्या चिपपासून रिस्क-फाइव्हपर्यंत तीस वर्षे होतात. या सगळ्या काळात वर्ग चालू होते, प्रयोगशाळेचे वीजबिल भरले जात होते आणि दरवर्षी नवे विद्यार्थी येत होते. सार्वजनिक विद्यापीठावर झालेला खर्च मोजताना वार्षिक ताळेबंद पुरेसा नसतो, तो यामुळे.